कोरतात्या

कलिंगड घेताना आपण टिचकी मारतो, कानाशी नेतो, काहीतरी कळल्यासारखा चेहरा करतो आणि शेवटी विकणाऱ्याला म्हणतो, "खाप पाडून दाव." तिकोनी खाप लाल निघाली की पिशवी पुढं करतो. तात्यांचं तसं नाही. चैत्रातल्या एका बाजाराच्या दिवशी मी त्यांच्या मागंच उभा होतो. पहिली खाप लालभडक निघाली.

तात्या म्हणाले, "हे एक भोक झालं. एका भोकावर साठा धरता येत नाही. आता पलीकडून पाड."

पलीकडची जरा फिकी निघाली. तात्यांचा चेहरा उजळला, म्हणजे शंका रास्त होती. "आता तिसरं मधोमध. म्हणजे ग्रिड पुरी होईल."

पोरानं सुरी खाली ठेवली. "आजोबा, तिसरी पाडली तर ह्यात इकायला काय ऱ्हातंय?"

तात्यांनी खिशातून वही काढून लिहिलं, 'कलिंगड एक नग. टप्पा जी-टू. प्रत मध्यम, पूर्वेकडे घसरती.' मग ठरलेल्या भावापेक्षा दहा रुपये कमी पुढं केले. पोरानं मुकाट घेतले. मागं रांग लागली होती आणि रांगेतला मीही "घे बाबा, घे" अशी खूण करत होतो.

गावात त्यांना कोरतात्या म्हणतात. आडनाव सांगत नाही. सांगितलं तर तात्या माझ्या दुकानात येऊन कोणत्या कलमाखाली सांगितलं ते विचारतील. मूळ शब्द कोअर. ड्रिल मशिनच्या तोंडाला हिऱ्याचे कण बसवलेलं पोकळ बिट असतं, ते गरगर फिरत खडकात उतरतं आणि पोकळीतून मनगटाएवढ्या जाडीचा दगडाचा दांडा वर येतो. तो कोअर. आमच्या रहिमतपुरात त्याचं 'कोर' झालं. त्यामुळं गल्लीत नवी सून आली की तिला काही दिवस वाटतं, म्हातारा दारोदार भाकरीची कोर मागत फिरत असेल. एकीनं खरोखरच ठेच्यासकट आणून दिली होती. तात्यांनी ती खाल्ली आणि मग तिला कोअर म्हणजे काय ते समजावून सांगितलं. पाऊण तास.

चौतीस वर्षं तात्या सरकारी ड्रिलिंग कॅम्पवर होते. नागपूर-भंडाऱ्याकडचं मँगनीज, चंद्रपूरचा कोळसा, गडचिरोलीचं लोखंड. आमच्याकडून बघितलं तर हे सगळं पार वर, ईशान्येच्या कोपऱ्यात. साताऱ्याला महाराष्ट्र एक्सप्रेस धरायची आणि दुसऱ्या दिवशी उतरायचं. काकू इथं, तात्या तिथं तंबूत. दिवाळीला यायचे तेव्हा आम्हा पोरांना वाटायचं हा माणूस सोनं शोधतो. एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "आम्ही शोधत नसतो. आहे की नाही ते सिद्ध करत असतो." आम्हाला त्यातलं काही कळलं नाही, पण गोट्या खेळताना आम्ही ते वाक्य बरेच दिवस वापरलं.

चौतीस वर्षांत दोन गोष्टी त्यांच्या अंगात मुरल्या. एक तिकडची बोली. इथं आले तरी "काय करून राहिले, बाप्पा?" म्हणूनच विचारतात. भाजीवाली मावशी पहिल्यांदा गोंधळली. "मी कुठं बाहीर ऱ्हाते व्हय? हितंच ऱ्हाते की, चौंडेश्वरीच्या देवळामागं."

दुसरी म्हणजे टप्पे. खनिज शोधायला चार टप्पे असतात. जी-फोर म्हणजे टेहळणी: नुसतं हिंडायचं, नकाशा बघायचा, दगड उचलायचे. जी-थ्री म्हणजे पूर्वेक्षण, लांब-लांब दोनचार भोकं. जी-टू म्हणजे सर्वसाधारण समन्वेषण. आणि जी-वन म्हणजे भोकं इतकी जवळजवळ की साठा किती, प्रत काय, हे छातीठोक सांगता यावं. आकडा उतरत जातो तशी खात्री चढत जाते. केंद्राच्या २०१५ च्या नियमांत हे सगळं रीतसर आहे. तात्यांनी ते जगण्याला लावलं, एवढाच फरक.

पुतण्याला मुली बघायच्या होत्या. बायोडेटा आला, तात्या म्हणाले, "जी-फोर." फोटो आला, तरी जी-फोरच, "फोटो म्हणजे विमानातून केलेला सर्व्हे. रंगावर जाऊ नका." मुलीच्या गावातल्या एका ओळखीच्या माणसाला फोन केला, तेव्हा जी-थ्री. चहापोह्यांना जी-टू. पुतण्यानं तिथंच पसंती कळवली. तात्या खवळले. "काहून बे! जी-वन झाल्याबिगर खाणपट्ट्याची घाई करतात काय?" मुलीकडच्यांना खाणपट्टा हा शब्द देण्याघेण्यातला वाटला आणि ते उठायलाच लागले. काकूंनी सावरलं. त्या लग्नाला आता आठ वर्षं झाली, संसार सुखाचा आहे. तात्यांच्या वहीत मात्र त्या नोंदीपुढं अजून 'जी-टू' आहे.

अशी माणसं गावोगाव असतात. एसटीतून निवृत्त झालेला कंट्रोलर लग्नात पंगती सोडताना बस सोडल्यासारखा ओरडतो. मराठीचे गुरुजी लग्नपत्रिकेतले ऱ्हस्व-दीर्घ सुधारून पत्रिका यजमानाला परत पाठवतात. नोकरी संपते, पण अंगातला हुद्दा उतरत नाही. पण त्यांचा उपयोग तरी होतो; बस काय, शुद्धलेखन काय, रहिमतपुरात लागतं. तात्यांची अडचण वेगळी आहे. ते आले अशा मुलखात की जिथं शोधायला काही नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले आणि आपला सगळा मुलूख काळ्या दगडाखाली गेला. कोयनेकडं भोकं पाडली तेव्हा एका ठिकाणी तर सव्वा किलोमीटर खाली गेल्यावर कुठं ग्रॅनाइट लागला. गावातल्या जुन्या मशिदीजवळ एक उंच बुरूज आहे, हत्ती लावून त्यावर पाणी चढवत असं सांगतात. पाव्हणे आले की आम्ही त्यांना तो दाखवतो. तात्यांनी बुरुजाला हात लावला आणि म्हणाले, "हाही काळाच."

त्या कोयनेच्या भोकाचं त्यांना फार लागलं. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाचं मूळ शोधायला शास्त्रज्ञांनी आपल्याच भागात आधी दीड-दीड किलोमीटरची भोकं घेतली, मग २०१७ साली गोठण्याला तीन किलोमीटर खोल एक घेतलं. तात्या तेव्हा निवृत्त होऊन घरी शेंगा सोलत होते. "तीन किलोमीटर," ते हळूच म्हणाले, "आणि इथून हाकेच्या अंतरावर." त्या आठवड्यात ते कुणाशीच धड बोलले नाहीत. काकूंनी शेवटी त्यांना शेवग्याच्या शेंगा काढायला पाठवलं.

ते दृश्य मी पाहिलंय. तात्यांनी आंब्याच्या खोक्याच्या फळ्यांतून सुताराकडून एक कोअर बॉक्स करून घेतलाय: पाच लांब कप्पे, वरून खाली क्रम, प्रत्येक कप्प्याच्या तोंडाला खोलीचा आकडा. कॅम्पवर दगडाचे दांडे असेच मांडायचे. एक तुकडा उलटा पडला तर सगळा अहवाल उलटा होतो. तात्यांनी शेंगा देठाकडचं टोक डावीकडं ठेवून मांडल्या. मोडलेल्या शेंगेचे तुकडे जुळवून बघितले. मग टेप लावली. "झाडावर शेंग चौतीस इंच होती. बॉक्समध्ये बत्तीस भरते. रिकव्हरी चौऱ्याण्णव टक्के. दोन इंच कुठं गेले?"

"आमटीत," काकू आतून म्हणाल्या.

आता माझी कथा. माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि तात्या माझं सर्वांत मोठं गिऱ्हाईक आहेत, त्यामुळं फार वाईट लिहायची सोय नाही. पण मागं दुकानाला जोतं भरायचं होतं. दोन ब्रास मुरूम, म्हणजे दोनशे घनफूट. सगळे म्हणाले, ट्रॅक्टरवाल्याला फोन लाव, अंधारात टाकून जातो. तात्या तेव्हा काउंटरवर सातबाऱ्याची झेरॉक्स काढत होते. त्यांनी चष्मा काढला.

"मुरूम म्हणजे गौण खनिज," ते म्हणाले. "१९५७ चा केंद्राचा कायदा, कलम १५, त्यानं राज्याला अधिकार दिला. राज्याचे नियम २०१३ चे. स्वामित्वधन ब्रासला सहाशे. विनापरवाना उचलला तर जमीन महसूल संहिता १९६६, कलम ४८, पोटकलम ७. बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड. वर गाडी जप्त." मग आवाज उतरवून, "कुंभार-वडारांना सवलती आहेत. तू दोन्हीपैकी नाहीस."

पाचपट ऐकून माझे पाय गारठले. मी हात जोडले आणि तिथंच चुकलो. कारण तात्या म्हणाले, "काळजी करू नको. अर्ज मी करून देतो."

वास्तविक असल्या कामाला एक अर्ज, जागेचे कागद, पैसे भरल्याची पावती आणि वाहतुकीचा पास एवढंच पुरतं. तात्यांनी मुरमाचा जी-वन अहवाल केला. ओढ्याकडच्या मुरमाच्या खड्ड्याची टेहळणी केली, पाच ठिकाणी पहारीनं भोकं घेतली, पाच पिशव्यांत पाच नमुने भरले, समोच्च रेषांचा नकाशा रंगीत पेन्सिलीनं काढला. 'प्रादेशिक भूविज्ञान' या प्रकरणात डायनासोर कसे मेले असावेत तेही होतं. झेरॉक्स माझी, कागद माझा, स्टेपलर माझा. फाईल पुरी होईपर्यंत ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॅक्टर विकून टेम्पो घेतला. कचेरीतल्या बाबूंनी फाईल उलटून पालटून पाहिली आणि अदबीनं विचारलं, "आजोबा, ह्यात मुरूम कितव्या पानावर आहे?"

"एकोणीस," तात्या म्हणाले.

बाबूंनी एकोणीस नंबरचं पान काढलं, बाकीचं परत केलं आणि परवानगी तिसऱ्या दिवशी मिळाली. तात्या आजही सांगतात, अहवाल पक्का होता म्हणून तीन दिवसांत काम झालं. उरलेली पानं माझ्या दुकानात आहेत. पाठच्या कोऱ्या बाजूवर मी हिशोब लिहितो.

काकूंच्या बहिणीची नात कॅनडात असते, पार उत्तरेला, युकॉनमध्ये. तिचा नवरा तिथल्या ड्रिलिंग कंपनीत. रविवारी व्हिडिओ कॉल लागला की पोरांना बाजूला सारून तात्या फोन ताब्यात घेतात. तिकडची रीत ऐकून ते दोन दिवस जेवले नव्हते. तिथं म्हणे मोकळ्या सरकारी जमिनीवर कुणीही जावं, दोन खुंट ठोकावेत, एक नंबर, दोन नंबर, जमिनीवर चार फूट उंच, वरचा दीड फूट भाग तासून चपटा केलेला, त्यावर नाव आणि तारीख. जास्तीत जास्त दीड हजार फूट बाय दीड हजार फूट. मग कचेरीत नोंद करायची, झाला तुमचा दावा. आणि शोधणाऱ्याला सरकार खर्चाला पैसे देतं! तात्यांनी हे तीनदा विचारून घेतलं. "उलट्या दिशेनं? सरकार त्याला?"

दुसऱ्या दिवशी पारावर त्यांनी ही योजना मांडली. एक म्हातारा सगळं शांतपणे ऐकून म्हणाला, "तात्या, आपल्यात बांधावर कुनी खुंट ठोकला तर खनिज न्हाई गावत. भाऊबंद गावत्यात. कुऱ्हाड घिऊन."

आपल्याकडंही २०२३ च्या दुरुस्तीनं दारं किलकिली झाली आहेत. एकोणतीस दुर्मीळ आणि खोलवरच्या खनिजांसाठी खासगी माणसाला शोधायचा परवाना मिळू शकतो. तात्यांनी ती यादी मला दोनदा झेरॉक्स करायला लावली. सोनं, चांदी, हिरे, लिथियम, निकेल, कोबाल्ट. त्यातलं काहीही कोरेगाव तालुक्यात नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल. तरी यादी पाकिटात असते.

आणि मग गेल्या उन्हाळ्यात पुतण्याच्या विहिरीला 'ते' लागलं.

विहीर खोल करायचं काम चाललं होतं. वर यारी, खाली चार माणसं, दिवसाला एकदा सुरुंग. मुरूम संपला, काळा पाषाण संपला आणि मांजऱ्या खडक लागला, भोकाभोकांचा, जुन्या पावासारखा. सुरुंगाचा धूर निवल्यावर खालच्या माणसानं डबराबरोबर एक ढेकूळ पाठवलं. बाहेरून बटाटा. फुटल्या बाजूनं आत बघितलं तर पोकळीत पांढरेशुभ्र, टोकदार, पैलू पाडल्यासारखे खडे, उन्हात लखलख करणारे.

यारीवाला म्हणाला, "हिरं!"

संध्याकाळपर्यंत निम्मं रहिमतपूर बांधावर. एकानं सुरतेला मेहुण्याला फोन लावला. शेजारच्या वावरवाल्यानं आपल्या हद्दीत सुरुंगाचा हादरा बसतो अशी तक्रार आठवड्याभरापूर्वी केली होती. ती मागं घेऊन तो आता विहीर मुळात सामाईक असल्याचं सांगू लागला. कमंडलू नदीच्या पलीकडून लोक आले. एक भेळवाला आला. आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळ्या गावाला तात्या हवे होते.

तात्या आले. घाई नाही. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात दोरीला भिंग, हातात एका बाजूनं चपटा हातोडा. गर्दी दुभंगली. त्यांनी ढेकूळ उचललं, भिंगातून पाहिलं, फिरवून पाहिलं आणि मग जिभेनं चाटलं.

"अवो!" काकू ओरडल्या. "उपास हाय न्हवं आज तुमचा!"

"ओला केला की रंग कळतो," तात्या म्हणाले. "एक तर झिओलाइट, नाही तर क्वार्ट्झ. गारगोटी."

"हिरा न्हाई?"

"नाही."

गर्दीतला आवाज फुग्यातून हवा जावी तसा गेला. पण तात्यांना त्याचं काही नव्हतं. दोन्हींपैकी नक्की कोणतं, हे सिद्ध व्हायचं होतं. ते तडक घरी गेले, आम्ही दहा-बारा जण मागं. आतल्या खोलीत काकूंच्या माहेरचं लोखंडी कपाट आहे, मोठ्या आरशाचं. तात्या म्हणाले, "काचेचा कठीणपणा साडेपाच. झिओलाइट त्याहून मऊ, ओरखडा उठणार नाही. क्वार्ट्झ सात." आणि काकू "काय करताय" म्हणेपर्यंत कर्रर्र आवाज झाला. आरशावर टाळूपासून हनुवटीपर्यंत एक सरळ पांढरी रेघ.

"क्वार्ट्झ!" तात्या ओरडले. चौतीस वर्षांत हा आनंद त्यांना किती वेळा झाला असेल मला माहीत नाही. काकू आरशापुढं उभ्या होत्या. आरशात त्या आता दोन होत्या.

गाव रात्रीपर्यंत पांगलं. तात्यांचं काम मात्र आता सुरू झालं, कारण क्वार्ट्झचं प्रकरण सोपं नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्रानं एकतीस खनिजं 'गौण' ठरवली, त्यात गारगोटी होती. दहा वर्षं ती मुरमाच्या पंगतीला बसली. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये बॅराइट, फेल्सपार, अभ्रक आणि क्वार्ट्झ या चौघांना पुन्हा प्रमुख खनिजांत घेतलं. त्यांच्या संगतीत लिथियमसारखी मौल्यवान मंडळी सापडतात म्हणून. "बढती मिळाली," तात्या म्हणाले. खात्यात असताना त्यांना स्वतःला दोनच मिळाल्या होत्या. "म्हणजे हा तहसीलचा विषय राहिला नाही. आणि संहितेचं कलम ४८, पोटकलम १: जमिनीवर असो की जमिनीखाली, खनिजाचा हक्क शासनाचा."

"तात्या," पुतण्या म्हणाला, "गारगोटी हाय ती. पोरं चकमक खेळत्यात तिनं."

"विनापरवाना खेळतात," तात्या म्हणाले.

दुसऱ्या दिवशी किराणा दुकानाच्या काट्यावर वजन झालं: ३४० ग्रॅम. तात्यांनी स्वतःविरुद्ध कळवलं. विषय: 'विहीर खोदकामात आकस्मिक प्राप्त प्रमुख खनिज शासनजमा करून घेणेबाबत.' सोबत आरशाचा फोटो, कठीणपणाचा पुरावा म्हणून. पाच प्रती. विषय त्यांचा नसला तरी त्याच कचेरीत, त्याच बाबूंपुढं ढेकूळ आणि अर्ज ठेवला. बाबूंनी अर्ज पूर्ण वाचला, हे मी स्वतः पाहिलं. मग चहा मागवला. ढेकूळ हातात घेतलं, बल्बपुढं धरलं, शेजारच्या टेबलालाही दाखवलं. मग अगदी प्रेमानं म्हणाले, "आजोबा, लई देखणं हाय. देवघरात ठेवा."

"लेखी द्या," तात्या म्हणाले.

लेखी मिळालं नाही. पोच मात्र मिळाली, शिक्क्यासह. तात्यांच्या मते लेखी आदेश येईपर्यंत ते शासनाचे अभिरक्षक आहेत. देवघराशेजारी त्यांनी छोटा कोअर बॉक्स ठेवलाय, एकच कप्पा. चिठ्ठी: 'क्वार्ट्झ. खोली ४२ फूट. मालकी: महाराष्ट्र शासन.' काकूंना ही विभागणी मान्य नाही. देवघराशेजारी चकाकतं ते देवच, अशा हिशोबानं त्या रोज सकाळी बाळकृष्णाबरोबर त्यालाही हळदकुंकू लावतात. सोमवारी बेल.

"सॅम्पल खराब होऊन राहिलंय!" तात्या ओरडतात.

"मग सरकारला सांगा, घिऊन जा म्हनावं," काकू म्हणतात. "आन् येताना आरसा आना म्हनावं."

काल तात्या दुकानात आले होते. स्मरणपत्र क्रमांक चार, तीन प्रती. झेरॉक्स काढता काढता माझी नजर शेवटच्या रकान्यावर गेली. सुंदर, गोलाकार अक्षरात लिहिलं होतं: 'सद्यस्थिती: खनिज सुरक्षित. वजन ३४२ ग्रॅम. वाढ २ ग्रॅम, कुंकू.'